घरच्या विमानाची दांडी

हातकणंगले हें कोल्हापूर-मिरज लोहमार्गावरील तालुक्याचें गांव. तेथून पश्चिम-नैर्ऋत्येस, सरळ रेषेंत मोजल्यास सुमारें १९ किलोमीटरांवर, उजळाईवाडीच्या माळावर कोल्हापूरचा विमानतळ आहे. राजाराममहाराजांच्या कारकीर्दींत १९३९ सालीं तो सुरू झाला. त्याची धांवपट्टी साधारण पूर्व-पश्चिम असून तिच्या पूर्वेकडील टोंकाशीं २५ हा आंकडा रंगविलेला असतो. याचा अर्थ असा कीं, त्या टोंकाकडून उतरणाऱ्या विमानाचें नाक होकायंत्रावर सुमारें २५० अंशांकडे असतें. हीच रेषा मागें पूर्वेकडे वाढवीत नेली, तर ती हातकणंगल्याच्या किंचित् दक्षिणेकडून जाते. म्हणजे पूर्वेकडून येऊन सरळ उतरूं पाहणाऱ्या विमानास हें गांव जणूं उंबरठ्याच्या ठिकाणीं आहे.

हा उंबरठा ओलांडून विमान उतरविण्याचा खटाटोप आतां घरच्या टेबलाशीं बसून करतां येतो. ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ १९८२ सालीं प्रथम बाजारांत आला. ‘एक्स-प्लेन’ त्यामागून आला. ‘फ्लाइटगिअर’ तर १९९७ पासून स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालला असून विनामूल्य मिळतो. पडद्यावर पंचगंगेचें पात्र दिसतें, लोहमार्ग दिसतो, दूरवर धांवपट्टीची करडी रेघही दिसते. घरांतील मुलगा किंवा मुलगी कांहीं दिवस कळफलकाच्या बाणांवर हें विमान हांकून पाहते, तें एकदां डावीकडे तर एकदां उजवीकडे कलंडतें, आणि मग घरांत मागणी होते ती जॉयस्टिकची. ‘कोणती घ्यावी?’ हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. ‘ती कोठें बसवावी आणि कशी धरावी?’ हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाहीं. आणि वस्तुतः पहिल्या प्रश्नाचें निम्में उत्तर या दुसऱ्यांत आहे.

पुष्कळदां घडतें तें असें. वडील हौसेनें जाहिरातींतील सर्वांत भारदस्त संच मागवितात. पंचवीस-तीस बटणें, दिव्यांची रोषणाई, लढाऊ विमानाच्या नमुन्याची मूठ. ती अभ्यासाच्या टेबलावर, संगणकाच्या पडद्यासमोर ठेवली जाते. चार दिवस घर आनंदांत असतें. पुढें मुलाचा खांदा दुखूं लागतो, मग मनगट. लिहितांनाहि कळ येऊं लागते. आई म्हणते, ‘हा खेळ पुरे.’ संच खोक्यांत घालून माळ्यावर जातो. पैसा वाया जातो तो जातोच, परंतु विमानविद्येविषयीं ज्या मुलास खरी ओढ होती त्याची ती ओढहि त्याच खोक्यांत बंद होते. दोष बहुधा खेळाचा नसतो, आणि यंत्राचाहि नसतो. दोष टेबलाच्या उंचीचा असतो.

विमान हातानें हांकावें कसें, हा प्रश्न पहिल्या विमानाइतकाच जुना आहे. १९०३ सालीं राइट बंधू उडाले ते पालथे निजून. पंख पिळण्याचें काम ते कमरेखालच्या पाळण्यानें करीत, आणि नाक वर-खालीं करण्याचा दांडा डाव्या हातांत असे. कमरेनें विमान वळविणें ही कल्पना आज हास्यास्पद वाटेल, पण सायकलीचे कारागीर असलेल्या त्या दोघा भावांना अंग कलवून वळणें हेंच स्वाभाविक वाटलें असल्यास नवल नाहीं. एकच दांडी पुढें-मागें केली तर नाक खालीं-वर व्हावें आणि बाजूला कलविली तर पंख कलावेत, ही योजना रॉबेर एस्नो-पेल्तरी या फ्रेंच अभियंत्यानें पुढें आणली. ती इतकी सोयीची ठरली कीं थोड्याच वर्षांत ती सर्वत्र रूढ झाली. जॉयस्टिक हें नांवहि वैमानिकांच्या बोलीतूनच आलें. संगणकाच्या खेळांनीं तें पुष्कळ नंतर उसनें घेतलें.

जमिनीवर बसून उडण्याचा सराव करण्याची कल्पनाहि संगणकाहून फार जुनी. अमेरिकेंत बिंगहॅम्टन गांवीं एडविन लिंक याच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनविण्याचा कारखाना होता. शिकण्यास पैसे फार पडतात आणि विमानांत बसण्यास वेळ थोडा मिळतो, हें पाहून या गृहस्थानें १९२९ च्या सुमारास ऑर्गनचेच भाते घेतले, त्यांवर एक लांकडी पेटीवजा विमान बसविलें, आणि दांडी हलविली कीं हवा भरून-सोडून ती पेटी कलेल अशी रचना केली. पेटीवाल्याच्या घरचा भाता विमानविद्येच्या कामीं आला तो असा. आरंभीं ही वस्तु जत्रेंतल्या करमणुकीसाठीं विकली जाई. पुढें दुसऱ्या महायुद्धांत असंख्य वैमानिकांनीं ढगांतून व अंधारांतून केवळ यंत्रें पाहून उडण्याचा पहिला धडा याच पेटींत घेतला. खेळणें आणि शिक्षण यांच्यामधली भिंत या विषयांत पहिल्यापासूनच पातळ आहे.

आतां निवडीकडे वळूं जातां, प्रथम विचारावयाचें तें हें कीं, उडवावयाचें आहे कोणतें विमान? सेसना १७२ सारख्या लहान शिकाऊ विमानांत आणि एटीआर जातीच्या प्रवासी विमानांत दांडी नसते. मोटारीच्या अर्ध्या चाकासारखें ‘योक’ असतें, जें ओढावयाचें, ढकलावयाचें आणि फिरवावयाचें. उलट एअरबस ए-३२० या विमानांत, १९८८ पासून, बाजूला बसविलेली लहान दांडी असते; कॅप्टन डावीकडे बसत असल्यामुळें ती त्याच्या डाव्या हातांत येते, आणि उजव्या हातानें जेवणारे-लिहिणारे हजारों कॅप्टन ती डाव्या हातानेंच बिनतक्रार चालवितात. आपल्या ‘तेजस’ विमानांत दांडी दोन गुडघ्यांच्या मध्यें आहे. घरीं प्रत्येक विमानासाठीं वेगळें यंत्र घेणें कोणासहि परवडणार नाहीं, आणि त्याची गरजहि नाहीं. एक बरी जॉयस्टिक सर्वांवर चालते. योक मात्र एकाच प्रकारच्या विमानाला शोभतें, टेबलाची कड अडवितें आणि महागहि पडतें. तेव्हां आरंभ दांडीनेंच करावा.

दांडीच्या पोटांत काय आहे तें बटणांच्या संख्येहून महत्त्वाचें. जुन्या रेडिओचा आवाज वाढविण्याची खुंटी फिरवितांना कधीं कधीं खरखर येत असे, हें अनेकांना आठवत असेल. त्या खुंटीच्या आंत कार्बनची पट्टी असते व तिच्यावर धातूची जीभ सरकते. पट्टी झिजली किंवा धूळ बसली कीं खरखर सुरू होते. स्वस्त जॉयस्टिकमध्यें बहुधा हीच रचना, पोटेन्शिओमीटर नांवाची, असते. तेथें खरखर कानाला ऐकूं येत नाहीं, ती विमानाच्या नाकाला जाणवते: हात स्थिर असूनहि विमान थरथरतें. दुसरी रचना चुंबकाची. १८७९ सालीं एडविन हॉल या अमेरिकन संशोधकास असें आढळलें कीं, वीज वाहत असलेल्या पातळ पत्र्याला आडवें चुंबकीय क्षेत्र लागलें, तर पत्र्याच्या दोन कडांमध्यें विजेचा अल्पसा दाब उत्पन्न होतो, व क्षेत्र वाढेल तसा तो वाढतो. दांडीच्या बुडाशीं चुंबक आणि समोर असा एक कण बसविला कीं, कशालाहि न घासतां दांडीची जागा कळते. जेथें घर्षण नाहीं तेथें झीज नाहीं. थ्रस्टमास्टरची टी-१६०००एम ही मध्यम किंमतीची दांडी याच तत्त्वावर चालते, व तिची मूठ डाव्या-उजव्या दोन्ही हातांना बसेल अशी आहे. लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो अधिक प्रसिद्ध आहे, पण तिची मूठ उजव्या हातासाठींच घडविलेली आहे. डावखुऱ्या मुलासाठीं ती मागविण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.

दुकानांत किंवा दुसऱ्याकडून वापरलेली दांडी घेतांना तिची परीक्षा पांच मिनिटांत होते. संगणकाला जोडावी व नियंत्रकांच्या तपासणीची खिडकी उघडावी. तेथें चौकटींत एक लहान फुली दिसते. दांडी एका बाजूस पूर्ण नेऊन सोडावी. असें चारहि दिशांना करावें. फुली दर वेळीं मध्यावर येऊन थांबली पाहिजे. मग दांडी अगदीं सावकाश, गोगलगाईच्या चालीनें, तिरकी न्यावी. फुली उड्या मारीत असेल, किंवा मध्यावरून निघतांना खांचेंतून सुटल्यासारखा हिसका बसत असेल, तर ती दांडी दिव्यांनीं कितीहि झगमगत असो, परत करावी. उतरतांना लागणाऱ्या साऱ्या हालचाली मध्याच्या आसपासच्या असतात, आणि तेथेंच हिसका बसला तर उरलेल्या गुणांचा उपयोग नाहीं.

दांडीची लांबी ही दुसरी गोष्ट. मूठ बुडाच्या बिजागरीपासून १० सेंटिमीटरांवर असेल तर हात १ सेंटिमीटर सरकल्यावर दांडी सुमारें ६ अंश कलते. तीच मूठ २० सेंटिमीटरांवर असेल तर सुमारें ३ अंशच. लांब दांडीला हाताची चूक निम्मी होऊन पोंचते. खेळाच्या चपट्या नियंत्रकावर आंगठ्यानें फिरवावयाची बोटभर दांडी असते, तिच्यानें विमान सरळ ठेवणें इतकें कठीण कां जातें, याचें उत्तर यांतच आहे. तेथें आंगठ्याच्या केसभर हालचालीनें विमान कलंडतें. मात्र लांब दांडी टेबलावर ठेवतां येत नाहीं. ती खालीं, मांड्यांच्या मध्यें किंवा खुर्चीशेजारीं बसवावी लागते.

येथें पुन्हां टेबलाची गोष्ट येते. लिहिण्याचें टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतें. त्यावर जॉयस्टिक ठेवली कीं मूठ आणखी १५ ते २० सेंटिमीटर वर जाते. सामान्य खुर्चीवर बसलेल्या माणसाचें कोपर जमिनीपासून ६५ ते ७० सेंटिमीटरांवर असतें. म्हणजे हात कोपराच्या वीतभर वर अधांतरीं राहतो, खांदा उचलला जातो आणि मनगट मागें मोडतें. अशा स्थितींत अर्धा तास काढून पाहावा म्हणजे मुलाची तक्रार खरी कशी हें वडिलांना कळेल. हुपरीचा चांदीचा कारागीर बारीक काम करतांना हात असा लोंबकळत ठेवीत नाहीं; तो कोठें तरी टेकवूनच घेतो. विमानाच्या दांडीलाहि हाच न्याय. कोपर अंगाजवळ, काटकोनांत किंवा त्याहून किंचित् उघडें, हाताचा पुढचा भाग खुर्चीच्या हातावर किंवा मांडीवर टेकलेला, मनगट सरळ, आणि मूठ आपण होऊन तळहाताखालीं यावी इतक्या उंचीवर.

याला खर्च फार नाहीं. टेबलाच्या कडेला खालच्या अंगानें बसणारे क्लॅम्प तयार मिळतात. न मिळाल्यास शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणीं कोणतेंहि लहान वर्कशॉप लोखंडी अँगलचा तुकडा वांकवून, भोकें पाडून देईल. तेंहि नको असेल तर खुर्चीशेजारीं योग्य उंचीचें स्टूल ठेवावें व त्यावर दांडी दोन पट्ट्यांनीं घट्ट आंवळावी. घट्ट हा शब्द महत्त्वाचा, कारण बूड सरकूं लागलें कीं दुसरा हात तें धरण्यांत गुंततो व दांडी धरलेला हात नकळत जोर लावूं लागतो. पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. लहान मुलांचे टेकत नाहींत. त्यांच्यासाठीं पाट ठेवावा.

दांडी धरण्याची रीत शाळेंत बोरू धरण्याच्या रीतीहून वेगळी नाहीं. नवें मूल लेखणी इतकी आंवळून धरतें कीं बोटाचें टोंक पांढरें पडतें आणि अक्षर मात्र वांकडें येतें. लहान विमानांवर शिकविणारे शिक्षक शिष्यास आंगठा व दोन बोटें एवढ्यांनींच नियंत्रण धरावयास सांगतात, तें याचसाठीं. मूठ आंवळली कीं दंडाचे स्नायू कामाला लागतात, आणि दंडाला बारीक हालचाल येत नाहीं. शिवाय आंवळलेल्या हाताला विमानाचा प्रतिसाद कळत नाहीं. तो एक धक्का देतो, तो जास्त होतो, मग उलट धक्का देतो, आणि विमान झोंपाळ्यासारखें हेलकावे घेऊं लागतें. या हेलकाव्यांवर एकच उपाय चालतो: क्षणभर हात सैल करून विमानाला आपण होऊन स्थिर होऊं देणें. या संबंधांत एफ-१६ या लढाऊ विमानाची हकीकत बोधप्रद आहे. त्याची दांडी प्रथम मुळींच हलत नसे, नुसता दाब ओळखी. वैमानिकांना तें रुचलें नाहीं, तेव्हां तिला थोडीशी हालचाल मुद्दाम देण्यांत आली. हाताला आपण किती केलें हें कळावें लागतें.

शेपटीचा सुकाणू, म्हणजे रडर, खऱ्या विमानांत पायांनीं चालतो. घरच्या बऱ्याच जॉयस्टिकमध्यें त्यासाठीं मूठच डावी-उजवीकडे पिळण्याची सोय असते. ही सोय जागा व पैसा वांचविते, पण मनगटाच्या दुखण्याचें दुसरें मोठें कारण हीच आहे. कारण हात एकाच वेळीं कलवीत, ओढीत आणि पिळीत असतो, आणि पिळतांना नकळत कलवीतहि असतो. ज्याला रोज तासभर बसावयाचें आहे त्यानें पुढची खरेदी करतांना आणखी बटणांच्या मागें न लागतां पायांची पेडलें घ्यावीं. तोंवर पीळ बंद करून रडर संगणकावर सोंपविण्याची सोय बहुतेक सिम्युलेटरांत असते, ती निःशंक वापरावी.

मांडणी झाल्यावर थोडें संगणकांतील जुळवणीविषयीं. मध्यावर दांडी किंचित् हलली तरी विमानानें दुर्लक्ष करावें, असा एक मृत पट्टा ठेवतां येतो. चांगल्या दांडीला तो शेंकडा दोन-तीनहून अधिक नको. मोठा ठेवला तर हात हलतो आणि विमान हलत नाहीं, आणि मग एकदम हलतें. प्रतिसादाची वक्ररेषाहि बदलतां येते. मध्यावर ती मंद केली म्हणजे विमान शांत वाटतें, परंतु मध्यावर वांचविलेली हालचाल कडेला एकदम भरून काढावी लागते, हें विसरूं नये. पुष्कळ नवशिके वाईट बैठकीचा दोष या रेषेनें झांकूं पाहतात.

ट्रिम ही खरी कळीची गोष्ट आहे. खऱ्या लहान विमानांत नाक वर धरून ठेवण्यास सतत ओढावें लागत असेल, तर ट्रिमचें चाक फिरवून तो भार उतरवितात. दांडी तेथेंच राहते, हात मोकळा होतो. घरच्या दांडीला स्प्रिंग असते व ती नेहमीं मध्यावरच येऊं पाहते. म्हणून येथें क्रम असा: प्रथम दांडीनें नाक हवें तेथें आणावें, मग ट्रिम थोडें थोडें देत जावें आणि तितकीच दांडी सैल सोडीत मध्यावर न्यावी. हें ज्याला येतें त्याचा हात तासाभरानेंहि थकत नाहीं. ज्याला येत नाहीं तो उड्डाणभर स्प्रिंगशीं कुस्ती खेळत राहतो.

या सर्वांची कसोटी पाहावयाची तर हातकणंगल्यावरूनच पाहावी. सेसना १७२ घेऊन गांवाच्या किंचित् दक्षिणेस यावें, ताशीं ९० नॉट वेग ठेवावा. धांवपट्टी येथून सुमारें १० सागरी मैल आहे व समुद्रसपाटीपासून सुमारें २,००० फूट उंच आहे. तीन अंशांची उतरण धरली तर दर सागरी मैलाला सुमारें ३२० फूट उतरावें लागतें. म्हणून येथें उंचीमापकाचा कांटा ५,२०० फुटांच्या आसपास हवा. नाक २५० अंशांवर, ट्रिम दिलेलें, दोन बोटांत दांडी. रुकडी उजव्या अंगाला राहते, पुढें पंचगंगा ओलांडावी लागते. पोंचण्यास सात मिनिटें लागतात. अखेरीस वेग कमी केला तर थोडीं अधिक. या सात मिनिटांत दर मिनिटाला साधारण साडेचारशें-पांचशें फूट उतरणें, वाऱ्यानें हलणारें नाक रेषेवर ठेवणें, आणि तरीहि हात सैल ठेवणें, एवढेंच काम आहे. तें पहिल्या आठवड्यांत कोणालाहि जमत नाहीं. नदीवर येतांना खांदा वर गेला आहे काय, दांत आंवळले आहेत काय, हें शेजारीं बसलेल्यानें पाहावें. खेळणाऱ्याला स्वतःला तें कळत नाहीं.

ज्या घरांतून मुलाला खरोखरच वैमानिक करावयाचें आहे तेथें एक गोष्ट स्पष्ट असावी. व्यावसायिक परवान्यासाठीं भारतांत २०० तासांचें उड्डाण लागतें, आणि घरच्या टेबलावर काढलेले तास त्यांत धरले जात नाहींत. त्यासाठीं मान्यताप्राप्त यंत्रेंच लागतात. घरच्या सरावानें क्रम पाठ होतो, नकाशा व यंत्रें वाचतां येतात, रेडिओवरची भाषा कानाला परिचित होते. अंगाला जाणवणारा वेग, पोटांत पडणारा गोळा, दांडीवर येणारा वाऱ्याचा खरा दाब, हें कांहींच तेथें नसतें. उलट एक खोड मात्र लागूं शकते: सदैव पडद्यावरील आंकड्यांकडे पाहण्याची आणि क्षितिजाकडे न पाहण्याची. म्हणून अधून मधून यंत्रांचा फलक झांकून उडण्याचा सराव करवावा. आणि अर्ध्या-पाऊण तासानें उठणें, मनगट सैल झटकणें, दूर खिडकीबाहेर पाहणें हा नियम घरच्या मोठ्यांनींहि पाळावा. कारण मुलाच्या नांवानें आणलेली दांडी रात्रीं कोणाच्या हातांत असते हें सर्वांस ठाऊक आहे. मनगटाचें दुखणें विश्रांतीनंतरहि राहिलें, किंवा बोटांना मुंग्या येऊं लागल्या, तर दांडी बाजूस ठेवून डॉक्टरास दाखवावें.

राहतां राहिली निगा. इचलकरंजी जवळ असल्यामुळें या भागांतील कित्येक घरांत मागांचा कापूस-भुसा हवेंतून येतो, आणि तो बुडाच्या बिजागरींत जाऊन बसतो. काम झाल्यावर दांडीवर साधें सुती फडकें टाकावें व महिन्यांतून एकदां मऊ कुंचल्यानें सांध्यांतली धूळ काढावी. कुरकुर आली म्हणून शिवणयंत्राचें तेल सोडूं नये. तें प्लॅस्टिकला बाधण्याचा संभव असतो आणि धूळ अधिकच धरून ठेवतें.